तुटलेला ताल

कॉलर धरून त्याने मला भिंतीवर आपटलं आणि हेडफोन माझ्या कानांवर दाबले. "चौथं गाणं. आता नीट ऐक!"

त्याच्या इलेक्ट्रॉनिक अल्बमबद्दल मी माझ्या संगीत-समीक्षेच्या चॅनेलवर म्हणालो होतो, 'चौथ्या गाण्यात ताल मध्येच तुटतो. याला कुणीतरी मात्रा मोजायला शिकवा.' लोक खूप हसले होते.

फुटल्या ओठातून रक्त गळत होतं. कानात यंत्रमागाची खटाखट चढत गेली आणि एकाएकी थांबली.

"इथे बाबांचा हात मागात गेला. किंकाळी तेवढी मी कापली."

"मला माहीत नव्हतं रे."

त्याने उगारलेली मूठ माझ्याशेजारी भिंतीवर आदळली. "धागा तुटला की बाबा माग थांबवून गाठ मारायचे. त्या दिवशी रेकॉर्डिंग करताना मीच ओरडलो, 'थांबवू नका, ताल तुटेल!'"