पाचाला पाच कमी

टिल्लीने दोन दिवस जिभेने दात धरून ठेवला होता. खालचा, समोरचा. शुक्रवारी शाळेत तो हलायला लागला आणि तिचं धाबं दणाणलं. दात पडण्याची तिला भीती नव्हती. वर्गातल्या निम्म्या पोरी बोळक्या झाल्या होत्या आणि मजेत होत्या. भीती होती ती तो आईच्या घरी पडतो की बाबाच्या, याची.

सहा वर्षांच्या पोरीला हे कुणी शिकवलं नव्हतं, पण ती शिकली होती. बाबा सलूनमध्ये लोकांचे केस कापायचा. एका रविवारी त्याने हौसेने तिचेही कापले, तर पुढचे दोन रविवार आईने तिला पाठवलंच नाही. मला न विचारता पोरीला कात्री लावायची नाही, म्हणाली. मग आईने तिला चष्मा करून आणला, तर बाबाने फोनवर आकाशपाताळ एक केलं. आता पुन्हा वकिलाकडे जातो, म्हणाला, आणि पोरगी कायमची माझ्याकडे आणतो. केस पुन्हा वाढले. चष्मा काढून ठेवता यायचा. दात मात्र एकदा पडला की पडला. शिवाय पहिला दात दोघांनाही आपल्याच डोळ्यांसमोर पडायला हवा होता. तसं दोघांनीही तिला लाडाने, वेगवेगळं सांगून ठेवलं होतं. बाबाकडे पडला, तर आई तिचं बाबाकडे जाणं बंद करणार. आईकडे पडला, तर बाबा तिला आईकडून घेऊन जाणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे तांदळाएवढा दात.

म्हणून शनिवार दुपारपासून बाबाच्या घरी तिने मऊ तेवढंच खाल्लं. पोट दुखतं का, असं बाबाने चारदा विचारलं. तिने चारदा मान हलवली. तिला हसवायला त्याने दाढीच्या फेसाच्या मिशा लावून घेतल्या, तरी ती ओठ घट्ट मिटून बसली. बाबाचं तोंड एवढंसं झालं. तिला फार वाईट वाटलं, पण तिने तोंड उघडलं नाही.

रविवारी, पाचाला पाच मिनिटं कमी असताना, बाबाने तिला कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये आणून बाकावर बसवलं. हे नेहमीचंच होतं. आईबाबा समोरासमोर आले की रस्ता गोळा व्हायचा, म्हणून दोन्ही वकिलांनी मिळून तोडगा काढला होता: बाबाने पाच मिनिटं आधी तिला इथे सोडून निघून जायचं, पाचला आईने येऊन न्यायचं. मधल्या वेळात मेडिकलवाल्या मावशी तिच्यावर डोळा ठेवायच्या. एवढे शिकलेले लोक, पण ही पाच मिनिटं कुणाची हे लिहायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं होतं. टिल्लीच्या ते सकाळी दात घासताना लक्षात आलं होतं.

बाबाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, रस्ता ओलांडला आणि वळणावर दिसेनासा झाला. तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मोठा काटा अकरावर होता. तो बारावर गेला की आई.

तिने दोन बोटं तोंडात घातली. दात हलत होता, पण सुटायला आलेला नव्हता. आणखी आठवडाभर सहज टिकला असता. तिने ओढला तशी कळ कानापर्यंत गेली आणि बोटं सटकली. फ्रॉकला बोटं पुसून तिने तो पुन्हा धरला. काटा पुढे सरकला होता. आता नाही निघाला तर आईच्या जिन्यात निघेल, आईच्या ताटात निघेल. तिने डोळे मिटले, दात पिळला आणि जीव खाऊन ओढला.

मावशी एका गिऱ्हाइकाला खोकल्याचं औषध समजावून देत होत्या. बाकावरून हुंदका ऐकू आला म्हणून वळून बघतात, तर पोरीची हनुवटी लाल. त्या हातातलं टाकून धावल्या, हिरडीला कापूस लावला, पाणी पाजलं. टिल्ली लटलट कापत होती, पण मूठ काही सोडत नव्हती.

तेवढ्यात आई दारात आली. तिने रक्त पाहिलं, मूठ उघडून दात पाहिला, आणि तिचा चेहराच बदलला.

"कधी पडला हा? त्याच्याकडे?"

"इथे," टिल्ली कापसातून म्हणाली. "बाबा गेल्यावर. तू यायच्या आधी. कुणाच्याच घरी नाही."

आईने मावशींकडे पाहिलं. मावशींनी मान डोलावली. आई बाकावर बसली आणि पर्समध्ये रुमाल शोधत राहिली.

मावशींना वाटलं, पोर रक्ताला घाबरली. तिचे गाल पुसत त्या मायेने म्हणाल्या, "असं घाबरायचं नाही, बाळा. हा तर पहिलाच. दुधाचे वीस असतात. एकेक करून सगळे पडणार."

टिल्लीचं कापणं मधेच थांबलं. तिची जीभ तोंडात फिरू लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने ती मावशींच्या कानाशी लागली.

"मावशी, तुमचं दुकान दर रविवारी उघडं असतं ना?"