चौथी वायर

केतकीने सासरच्या गावातल्या घरात वायफायचा तिसरा डबा माळ्यावर ठेवला, तरी लॅपटॉपवरच्या मीटिंगमधला साहेब तोंड उघडं ठेवून थिजलाच. सोमवारपर्यंत हे सुधारलं नाही, तर नोकरीसाठी तिला पुण्याला परतावं लागणार होतं. सासरे, अण्णा, तीन दिवस झोपाळ्यावरून हे बघत होते. टेलिफोन खात्यात तीस वर्षं त्यांनी केबली जोडल्या होत्या. पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही, हा त्यांचा बाणा.

शेवटी सून खाली आली. "अण्णा, काय चुकतंय माझं?"

"नळ नाही तिथे तू नुसती बादली ठेवलीस. चिऱ्याच्या एवढ्या जाड भिंतीतून काय झिरपणार? प्रत्येक डब्यापर्यंत वायर न्यायला हवी."

"पण हे बिनतारी आहे ना?"

"बिनतारी फक्त शेवटची चार पावलं."

दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतः शिडी लावली, भिंतींना भोकं पाडली आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही डबे वायरीने जोडले. सोमवारी केतकीची मीटिंग दोन तास चालली, एकदाही न अडखळता.

खाली येताना तिला धाकट्या दिराच्या बंद खोलीबाहेर चौथ्या वायरीचं वेटोळं दिसलं. घरात नेट नीट चालत नाही म्हणून तो दोन वर्षं इकडे फिरकला नव्हता.

"भावजी येणार आहेत का, अण्णा?"

"त्याला अजून सांगितलं नाही," पक्कड पुसत अण्णा म्हणाले. "आधी वायर न्यायची. माणूस मागून येतं."