घोडी उठली

आण्णांनी सवयीनं दोनदा पॅडल दाबलं, डावा तळवा डॅशबोर्डवर पसरला आणि नव्या बटणावर बोट ठेवलं.

गाडी पहिल्याच दमात चालू झाली. खिडकीशी वाकलेला त्यांचा मुलगा विश्वजित बायकोकडं बघून हसला. अनुजा आण्णांच्या शेजारच्या सीटवर होती. एका मांडीवर सात महिन्यांची लेक भूमिका, दुसऱ्या मांडीवर नारळ. खंडेनवमीला आण्णांच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीतल्या सगळ्या मशिनींची पूजा झाली की शेवटचा मान ह्या जुन्या अमेरिकन मस्टँगचा. जाळीवर घोडा, म्हणून आण्णांची ती घोडी. घरातल्या थोरल्यानं ती चालू करायची, 'उठली' म्हणायचं, मगच नारळ फोडायचा.

आण्णांनी तळवा डॅशबोर्डवर आणखी दाबला.

समोर फौंड्रीच्या दारात बाळासो मिस्त्री कामगारांना घेऊन उभा होता. त्यानं हातानंच नारळ फोडल्याची खूण केली आणि मग पोटावरून हात फिरवला.

"तुला प्रसादाचीच घाई," आण्णा मोठ्यानं म्हणाले. "थांब जरा. उठली न्हाय अजून."

बाळासोचा हात पोटावरच राहिला.

भट्टीच्या घरघरीत आण्णांचे कान केव्हाच गेले होते. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं ओळखत, आणि बाकीचं सगळं तळव्यानं ऐकत. घोडी नुसती उभी असली तरी अशी थरथरायची की तोंडावरचा झेंडूचा हार नाचायचा. आज हार गप लोंबत होता.

इंजिन नवं होतं. कॉम्प्युटरवर चालणारं, खाली मऊ रबरावर बसवलेलं. जुनं चालू करायला पॅडल मारून मारून आण्णांचा गुडघा भरून यायचा, म्हणून विश्वजितनं तीन महिने खपून ते बदललं होतं. आण्णांना फक्त बटणाचं सांगितलं होतं. "ओरिजनल हाय म्हणून काय गुडघा घालवायचा व्हय त्यांनी?" तो अनुजाला म्हणाला होता. "इंजिन कुठं टाकून देतोय? ठेवतो की कोपऱ्यात." कोपऱ्यात ठेवलंही. खंडेनवमीची झाडलोट निघाली, आणि कामगारांनी भंगार समजून ते घणानं फोडून भट्टीत घातलं. विश्वजितला कळलं तेव्हा त्याची पंपाची कव्हरं झाली होती.

"आण्णा, चालू हाय की!" विश्वजितनं अंगठा दाखवला.

"बापाची थट्टा लावलीयास व्हय?"

आण्णांनी परत बटण दाबलं. इंजिन बंद झालं. परत दाबलं. चालू झालं. मग त्यांचं लक्ष इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या डायलकडं गेलं. काटा वर चढून थांबला होता.

ते काट्याकडं बघत राहिले. मग तळव्याकडं. तळवा त्यांनी विजारीवर घासला, लहान पोराचं तोंड पुसावं तसा, आणि पुन्हा डॅशबोर्डवर ठेवला. या वेळी बोटं नीट पसरून. डोळे मिटून.

"अनुजा," ते म्हणाले. एरवी सगळी गल्ली ऐकेल असं बोलणाऱ्या आण्णांचा आवाज जेमतेम तिच्यापर्यंत आला. "हातबी गेला काय गं माझा?"

तिनं जोरात नकाराची मान हलवली. 'हात न्हाय आण्णा, इंजिन बदललंय.' एवढंच तर सांगायचं होतं. तिनं ओठ उघडले आणि काचेपलीकडं विश्वजितचा चेहरा दिसला. पुढचं आण्णा विचारणारच होते. जुनं कुठं हाय? तिनं ओठ मिटले.

भूमिका रडायला लागली. भुकेचं रडणं होतं, सकाळपासून पूजेच्या गडबडीत तिच्याकडं बघायला कुणाला फुरसत झाली नव्हती. ती हसते की रडते हे आण्णा तिच्या पाठीवर तळवा ठेवून ओळखायचे. हसली की म्हणायचे, रबरागत उडतीया बघ. आताही त्यांचा हात आपसूक तिच्याकडं निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. मग त्यांनी तो मागं घेतला आणि मुठीत मिटून मांडीखाली घातला.

अनुजानं भूमिकेला छातीशी धरलं. खिडकीत बघितलं तर विश्वजित तिथं नव्हता.

आणि गाडी थरथरली.

आधी जराशी, मग चांगली. हार डुलायला लागला. आण्णांनी दचकून मूठ सोडवली, तळवा डॅशबोर्डवर टेकला आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

अनुजानं वरच्या आरशात बघितलं. मागं डिकीवर दोन्ही हात रोवून विश्वजित गाडी दाबत होता, सोडत होता, दाबत होता. सणाचा नवा शर्ट पाठीला चिकटला होता. समोर दारातला बाळासो मान खाली घालून उभा होता.

तिनं नजर काढून आण्णांकडं बघितलं. आण्णाही आरशातच बघत होते.

तळवा डॅशबोर्डवर तसाच.

"हां," ते मोठ्यानं म्हणाले, मागं ऐकू जाईल असं. "उठली."

मग त्यांनी तो हात उचलला आणि हळूच भूमिकेच्या पाठीवर ठेवला.

"रडतीया की गं," ते म्हणाले. "कवापासनं रडतीया ही?"

गाडी हलतच होती. मांडीवरचा नारळ घसरत होता, तो अनुजानं धरून ठेवला.

"फोड बाई नारळ," आण्णा म्हणाले. "त्याबिगर थांबायचा न्हाय त्यो."