बाकामागचं झाड

बागेतल्या एकशे बारा झाडांना नावाच्या पाट्या लागल्या, पण बाकामागच्या सफरचंदाने निवृत्त ग्रंथपालांना पार जेरीस आणलं. पानाची लांबी मोजली, फुलाचा रंग टिपला, फळ उभं-आडवं चिरून पाहिलं, चार जाडजूड पुस्तकं पालथी घातली, तरी वाण काही सापडेना. त्यात भर थोरल्या बहिणीची. गेली वीस वर्षं ती रोज त्याच बाकावर बसून सफरचंद खायची आणि उरलेला गाभा खुशाल मागे भिरकावायची.

“आक्का, कचऱ्याचा डबा चार पावलांवर आहे!”

“अरे, तुझी चार पावलं बघ आणि माझे गुडघे बघ.”

वैतागून त्यांनी त्याच झाडाला पाटी अडकवली: ‘येथे कचरा टाकू नये.’

शेवटी तीन फळं आणि दोन पानी वर्णन त्यांनी फळतज्ज्ञांकडे पाठवलं. महिन्याभराने उत्तर आलं: ‘हा वाण कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. झाड कलमाचं नाही, बियांचं आहे. वय साधारण पंधरा वर्षं. कुणीतरी खाऊन फेकलेल्या सफरचंदातून उगवलं असावं. याला अजून नावच नाही, तुम्हीच द्या.’

ग्रंथपालांनी पत्र दोनदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि ब्रश घेऊन ते बागेत गेले.


आता झाडावर तीच पाटी आहे, फक्त उलटी केलेली: ‘वाण: आक्काचा कचरा. फळ गोड.’