नव्वद सेकंद

सरकारी अर्ज यंत्राकडून तपासून घ्यायचा कायदा करणाऱ्यांनी लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकली. म्हणे यंत्राने फक्त सुचवायचं, निर्णय माणसानेच द्यायचा, आणि अर्ज नव्वद सेकंद समोर उघडा राहिल्याशिवाय साहेबाचा अंगठा उमटायचा नाही. पण त्या नव्वद सेकंदांत साहेब वाचतो का, हे कोण बघणार? तहसील कचेरीतले भास्करराव इंगवले तेवढ्यात चार शेंगा सोलून खायचे आणि अंगठा लावून मोकळे व्हायचे.

आज पारूबाई त्यांच्या टेबलासमोर उभी होती. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासाठी तिने सरकारी मदतनीस मागितला होता. यंत्राने सुचवलं होतं, घरात धडधाकट मुलगा आहे, नामंजूर. खाली अंगठा भास्कररावांचा.

"साहेब, तिसऱ्या ओळीत लिहिलंय की, लेक वारला म्हणून."

भास्कररावांनी अर्ज उघडला. ती ओळ वाचायला दोन सेकंद पुरले. टेबलावरची टरफलं त्यांनी हळूच हाताखाली झाकली.

"मावशी, ते यंत्रानं..."

"यंत्राचं मला सांगू नका. अंगठा तुमचा हाय. माझा लेक गेल्याचं तुम्ही वाचलं होतं का? हो का नाही, तेवढं बोला."