भाल्याचा सिनेमा

"अहो, पुन्हा तोच सिनेमा?" शोभाने विचारलं.

प्रल्हादने व्हीसीआरमध्ये कॅसेट सरकवली आणि तो सोफ्यावर बसला. तमिळ त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण सूड कळायला भाषा कशाला लागते? नायकाची धाकटी बहीण खलनायकाच्या जीपखाली जाते. नायक मुरुगन देवापुढे शपथ घेतो, खांद्यावर कावड घेऊन डोंगर चढतो आणि ऐन उत्सवात देवाच्या हातातला भाला उपसून एकेकाला लोळवतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एडिसन गावच्या देशी घरांतून हा सिनेमा फिरला होता. हाताला लागेल त्या कॅसेटवर ज्याने त्याने कॉपी करून घेतली, एकदा बघितली आणि सगळे विसरले. प्रल्हादला मात्र आपली कॉपी महिन्याभरापूर्वी अ‍ॅटिकमधल्या खोक्यात सापडली, आणि तेव्हापासून हे रोजचंच झालं. भाला निघाला की तो म्हणायचा, "शोभा, तू आत जा." मग दार लावून घ्यायचा. बाहेर यायचा तेव्हा डोळे लालभडक असायचे.

शोभाच्या जिवाला थारा नव्हता. दोन वर्षांपूर्वी वीणा, त्यांची एकुलती एक पोर, शाळेच्या बसमधून उतरली आणि एका दारुड्या ड्रायव्हरने तिला उडवलं. तो येत्या शुक्रवारी तुरुंगातून सुटणार होता. वीणाच्या वाढदिवसाची एक व्हिडिओ कॅसेट होती, तीही घर बदलताना हरवली, असं प्रल्हाद म्हणाला होता. कशातच काही उरलं नव्हतं. अशा माणसाच्या डोक्यात काय चाललं असेल? मन चिंती ते वैरी न चिंती.

बुधवारी त्याच्या कोटाच्या खिशात तिला स्क्रूड्रायव्हर सापडला.

तिने मैत्रिणीला फोन लावला. "संध्या, मला फार भीती वाटतेय गं."

"ती कॅसेट आधी इरेज कर यार," संध्या म्हणाली. "रोज रोज तेच बघून माणूस वेडा होईल नाहीतर काय?"

गुरुवारी प्रल्हाद कामावर गेल्यावर शोभाने कॅसेट काढली. कडेची प्लास्टिकची खुंटी मोडलेली होती. ती मोडली की वरून काही रेकॉर्ड होत नाही. पण त्यावरचा उपाय सगळ्याच देशी बायकांना ठाऊक होता. तिने भोकावर सेलोटेप चिकटवली आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. अर्धवट काम नको, म्हणून टेप संपून मशीन आपोआप थांबेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं.

संध्याकाळी प्रल्हाद आला. बूट न काढताच व्हीसीआरपाशी गेला. पडद्यावर एक गोरी बाई बर्फाचा अंदाज सांगत होती. त्याने फॉरवर्ड केलं. पुन्हा केलं. मग जाहिराती आल्या.

"मीच पुसली," शोभा म्हणाली. "उद्या तो सुटतोय. पोर गेली, आता तुम्हीही तुरुंगात जायला नकोत मला. तो स्क्रूड्रायव्हर कशाला घेतला होतात?"

"खुंटी मोडायला. कुणी चुकून पुसू नये म्हणून." त्याचा आवाज अगदी हळू होता. "किती पुसलीस?"

"शेवटपर्यंत."

प्रल्हाद गालिच्यावरच बसला.

"वाढदिवसाची ती कॅसेट हरवली नव्हती, शोभा. मीच तिच्यावर सिनेमा टेप केला होता, तुला सांगायची हिंमत झाली नाही. सिनेमा संपल्यावर शेवटची चार मिनिटं वीणा केक कापत होती."