तारखेपुरती जागा

"दवाखान्याच्या शिळेवर नाव नको म्हणतात अध्यक्षाबाई?" पाथरवटानं छिन्नी खाली ठेवली. "म्हणजे भूक मोठी आहे."

लेक हसली. सातवा महिना लागल्यापासून ती माहेरी होती, आणि दुपारभर दुकानातल्या बाकावर बसून बापाची कुरकुर ऐकत होती. "बाबा, एखादी बाई सरळही असू शकते."

"कावळाही पांढरा असू शकतो. मी अजून पाहिला नाही."

तीस वर्षं तो पुढाऱ्यांची नावं दगडात कोरत आला होता. याच दवाखान्याची कोनशिला त्यानंच केली होती, पाच नावांची. कोनशिला बसली, टाळ्या पडल्या, दवाखाना काही उभा राहिला नाही. पुढे बायकोला शहरातल्या इस्पितळात नेताना तिनं वाटेतच, गाडीत, प्राण सोडला. तेव्हापासून पुढारी दिसला की त्याच्या तळपायाची आग मस्तकात जाई.

नव्या नगराध्यक्षाबाईंनी मात्र इमारत उभी केली. रंगही झाला. शिळेवर त्यांना फक्त दवाखान्याचं नाव आणि उघडण्याची तारीख हवी होती. तारीख अजून ठरायची होती, म्हणून तेवढी जागा कोरी होती. लेकीचे दिवस भरायच्या आत तिथली दारं उघडावीत, एवढंच पाथरवटाचं मागणं होतं.

आणि घोडं नेमकं तिथंच अडलं होतं. त्यानं रीतीप्रमाणे बिल दुप्पट लावलं होतं. अर्धं आपलं, अर्धं वरचं. आजवर प्रत्येक पुढाऱ्याचा माणूस आठवड्याभरात येऊन पाकीट नेई. बाईंनी बिल मुकाट्यानं चुकतं केलं आणि महिना झाला तरी कोणी फिरकलं नाही.

"त्यांना दगडाचा भाव ठाऊक नसेल," लेक म्हणाली. "परत करून टाका."

"पुढारी वाटा विसरत नाहीत, पोरी. रुसतात. मग कुठला तरी कागद अडतो आणि दाराचं कुलूप निघत नाही."

सोमवारी सकाळी एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात चामडी बॅग, बोलणं हळू.

"बाईंच्या शिळेचं काम तुमचंच?"

"माझंच."

"बिल दुप्पट दिसतं."

पाथरवटाचा जीव भांड्यात पडला. "रीतीप्रमाणेच आहे, साहेब."

"मग वरचे पैसे?"

"हे काय. हातसुद्धा लावला नाही." त्यानं गल्ल्याखालून पाकीट काढून दोन्ही हातांनी पुढं केलं. "बाईंचा वाटा. उशीर झाला, राग नको म्हणावं. तेवढा दवाखाना लवकर उघडा."

"बाईंचाच? नक्की?"

"तीस वर्षं देतोय, साहेब. आता मला शिकवता?"

माणसानं पैसे मोजले नाहीत. आजवर सगळे मोजून घ्यायचे. बॅगेतून कागद काढून त्यानं चार ओळी लिहिल्या आणि सही मागितली. पाथरवटाला हसू आलं. खाण्यातसुद्धा बाई नीटनेटकी, पावती देते. त्यानं न वाचताच सही ठोकली. महिन्याभरात पहिल्यांदा त्याला हलकं वाटलं.

लेकीनं पाणी आणलं. माणूस प्यायला, आणि निघताना शिळेपाशी थांबला.

"तारीख कधीची ठरतेय?" तिनं विचारलं.

त्यानं पाकिटाला चिकटपट्टी लावली, वर आजचा दिवस लिहिला आणि ते बॅगेत ठेवलं.

"मी लाचलुचपत प्रतिबंधक खात्यातून आलोय, ताई. बाईंची चौकशी संपेपर्यंत ती जागा कोरीच राहू द्या."